आधी यादी, मग माल : टर्मिनलवरून सॉफ्टवेअर बसवणे आणि अद्ययावत ठेवणे



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे त्या दिवशी संगणक बंद पडला का? नाही. तो चालू होतो, टायपिंग होतं, प्रिंट निघते. फक्त त्यात नवी फट सापडली तर ती बुजवणारं अपडेट आता पूर्वीसारखं आपोआप येत नाही. विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर बसत नाही. म्हणून काही शाळा आणि घरं उबुंटू किंवा डेबियनसारख्या मोफत लिनक्सकडे वळतात. तिथे गेलं की समोर येतो तो काळा पडदा, टर्मिनल. आजचा पाठ त्याच्यावर आहे.

हे शिकायचं कशाला?

एक खरी घटना सांगतो. रावेर-यावलची निर्यातीची केळी मुंबईजवळच्या ज्या न्हावाशेवा बंदरातून आखाती देशांत जाते, तिथलं एक टर्मिनल २७ जून २०१७ ला अचानक ठप्प झालं. ते टर्मिनल मर्स्क समूहाकडे होतं. 'नॉटपेट्या' नावाच्या विषाणूने मर्स्कचे संगणक जगभर बंद पाडले होते. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनीच सांगितलं की, सुमारे ४५ हजार संगणकांवर सगळं नव्याने बसवावं लागलं.

हा विषाणू आला कसा? युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरतात त्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. चोरट्यांनी अपडेट पाठवणारी जागाच ताब्यात घेतली होती. आत शिरल्यावर तो विंडोजमधल्या एका जुन्या फटीतून आणि यंत्रात सापडलेल्या पासवर्डच्या जोरावर पसरला. ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने तीन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिलं होतं.

यातून दोन गोष्टी समजतात. अपडेट टाळणं धोक्याचं आहे, आणि अपडेट कुठून येतं हे न पाहणंही तितकंच धोक्याचं आहे. आपल्या शाळेच्या संगणकावर मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल नंबर असतात. त्यामुळे हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा नाही, आपलाही आहे.

पॅकेज म्हणजे काय?

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर 'पॅकेज'च्या रूपात येतं. एका पॅकेजला चालायला दुसरी पॅकेजेस लागतात. भरीत करायचं म्हटलं की नुसती वांगी आणून भागत नाही. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सगळं लागतं. ही जमवाजमव जो करतो तो पॅकेज मॅनेजर. डेबियन आणि उबुंटूमध्ये त्याचं नाव एपीटी. डेबियन १९९३ साली सुरू झालं, १९९९ मध्ये त्यात एपीटी आलं. २००४ मध्ये उबुंटू डेबियनवरूनच उभं राहिलं. आज डेबियनच्या कोठारात ६० हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत.

या कोठाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक पॅकेजची खूण असते. सही किंवा खूण जुळली नाही तर एपीटी तक्रार करतं. दहावीच्या प्रश्नपत्रिकेचं पाकीट फोडण्याआधी आपण सील पाहतो ना, तसंच हे. पण लक्षात घ्या, सील एवढंच सांगतं की पाकीट वाटेत कोणी फोडलं नाही. पाठवणाऱ्याच्या घरातच चोर शिरला असेल तर सीलही फसतं. युक्रेनमध्ये तसंच झालं. म्हणून माल घ्यायची ठिकाणं थोडी आणि ओळखीची ठेवावीत.

चार आज्ञा

आज्ञा इंग्रजी लिपीतच टाइप करायच्या आहेत. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. प्रत्येक शब्दानंतर एक मोकळी जागा सोडा.

१. सुडो एपीटी अपडेट

सुडोचं स्पेलिंग एस-यू-डी-ओ. त्याचा अर्थ, हे काम मुख्य अधिकाराने कर. मग पासवर्ड विचारला जातो. तो टाइप करताना पडद्यावर बऱ्याचदा ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजू नका, टाइप करा आणि एंटर दाबा.

या आज्ञेने कोणतंही सॉफ्टवेअर बदलत नाही, फक्त यादी ताजी होते. केळी उत्पादक सकाळी आधी आजचा भाव पाहतो, मग काढणीचं ठरवतो. अपडेट म्हणजे भाव पाहणं.

२. एपीटी लिस्ट --अपग्रेडेबल

लिस्टनंतर जागा सोडून दोन आडव्या रेघा, त्यांना चिकटून पुढचा शब्द. कोणकोणत्या पॅकेजची नवी आवृत्ती आली आहे ते दिसतं. इथे फक्त वाचायचं असल्याने सुडो लागत नाही.

३. सुडो एपीटी अपग्रेड

आता माल खरोखर येतो. त्याआधी एपीटी काय बदलणार, किती एमबी डाउनलोड होणार, डिस्कवर किती जागा लागणार हे सांगतं आणि 'वाय की एन' विचारतं. साक्री-शिरपूरकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर तो एमबीचा आकडा आधी पाहा. डेटा कमी असेल तर एन दाबा, काही बिघडत नाही.

४. सुडो एपीटी इन्स्टॉल, आणि पुढे पॅकेजचं नाव

लहान मुलांच्या चित्रकलेसाठी टक्सपेंट घ्या, नाव सलग एका शब्दात. २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी जीकॉम्प्रिस आहे. त्यात अंक, अक्षरं, कोडी, माउस चालवण्याचा सराव असे शंभराहून अधिक उपक्रम आहेत. पॅकेजचं नाव टाइप करताना जीकॉम्प्रिस, आडवी रेघ, क्यूटी असं लिहा. नाव आठवत नसेल तर 'एपीटी सर्च' लिहून पुढे एखादा शब्द द्या.

नेहमीचा क्रम असा : अपडेट, यादी वाचणं, अपग्रेड. पुष्कळ जण नुसतं अपडेट करतात आणि काम झालं असं समजतात. भाव पाहिला, पण केळी शेतातच राहिली!

मध्येच लाइट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न आधी येतो. पॅकेज बसत असताना लाइट गेली तर पुढच्या वेळी एपीटी काम करायला नकार देतं. घाबरून सगळं पुसू नका. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा द्या, अर्धवट राहिलेलं काम ती पूर्ण करते. तरीही तक्रार आली तर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. मोठं अपग्रेड शक्यतो लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना किंवा यूपीएस असेल तेव्हाच करा. त्याआधी शाळेच्या महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

कधी 'लॉक मिळालं नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. बहुतेक वेळा संगणक मागच्या मागे स्वतःच अपडेट करत असतो. पाच-दहा मिनिटं थांबा. जबरदस्तीने बंद करू नका.

पूर्ण उबुंटूची आवृत्ती बदलणं हे वेगळं आणि मोठं काम आहे. दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. २४.०४ ला ती २०२९ पर्यंत आहेत. तेव्हा घाई नको. हे काम सुट्टीत करा. सरकारी योजनेतून मिळालेलं यंत्र असेल तर मुख्याध्यापकांना विचारूनच.

विंडोज ११ वर असाल तरी ही सवय उपयोगी पडते. तिथे विंगेट नावाचं असंच साधन आहे. 'विंगेट अपग्रेड' लिहिलं की ज्यांची नवी आवृत्ती आली आहे त्या प्रोग्रॅमची यादी मिळते. मात्र खुद्द विंडोजचं अपडेट सेटिंगमधूनच करावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं

व्हॉट्सअॅपवर कोणीतरी आज्ञा पाठवतं, 'ही पेस्ट करा, संगणक फास्ट होईल.' त्यात सुडो असेल तर तुम्ही त्या अनोळखी माणसाच्या हातात शाळेच्या कपाटाची किल्ली देत आहात. प्रत्येक शब्द काय करतो ते कळल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या 'क्रॅक' सॉफ्टवेअरचंही तेच. त्यावर ना सही असते, ना त्याला पुढे कधी अपडेट येतं.

करून पाहा

१. या शनिवारी अपडेट करा, दुसऱ्या आज्ञेने यादी वाचा आणि ओळखीची तीन नावं वहीत लिहा. अपग्रेड नंतर.

२. संगणकाजवळ एक वही ठेवा : तारीख, काय बसवलं, कोणी बसवलं. बदली होऊन नवे सर किंवा मॅडम आले तर त्यांना हीच वही उपयोगी पडेल.

३. पाचवीच्या पुढच्या मुलांना विचारा : 'अपडेट आणि अपग्रेड यांत फरक काय?' केळीच्या भावाचं उदाहरण आधी सांगू नका. त्यांना त्यांचं उदाहरण शोधू द्या.

आणखी शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत. एका तासिकेत एक धडा सहज होतो.