पडदा कुणी पाहिला का?

चि. सायलीस,


काल तुझ्या आईचा फोन आला होता. बोलता बोलता ती सहज सांगून गेली, की ब्रुनो कान खाजवतो म्हणून तू शेजारणीचं ऐकून त्यात लसूण कढवलेलं खोबरेल घातलंस, आणि गुण येईना म्हणून मेडिकलमधून माणसांचे ड्रॉप आणलेस. तेव्हापासून मामाचा डोळ्याला डोळा नाही. त्याला एकच विचारायचंय : कानाचा पडदा कुणी पाहिला का?

माणसाच्या कानाची नळी जवळपास सरळ असते. कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग आत वळते. घातलेलं तेल त्या वळणावर साचून राहतं. त्यात ब्रुनो पडला कॉकर स्पॅनियल. लोंबते कान, आत केसांचं जंगल आणि वर चिपळूणचा पाऊस. अशा ओलाव्यात मॅलेसेझिया नावाचं यीस्ट फोफावतं. तपकिरी, चिकट मळ आणि आंबूस वास ही त्याची खूण. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा चुरा असेल तर कानातल्या माइट्सचा संशय घ्यायचा. हिरवट-पिवळा पू असला तर बहुधा जिवाणू, आणि त्यातून स्यूडोमोनास निघाला तर तो भल्याभल्या औषधांना दाद देत नाही. नुसतं वरून बघून यातलं काहीच पक्कं ठरत नाही. डॉक्टर काडीवर मळ घेतात, काचपट्टीवर फिरवतात, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्याआधी ऑटोस्कोप घालून पडदा शाबूत आहे का, ते.

पुन्हा पडद्यावरच आलो! पण तो फाटला असेल आणि वरून जेंटामायसिन किंवा क्लोरहेक्सिडिन पडलं, तर ते आतल्या कानात उतरतं. ऐकणं जाऊ शकतं, तोलही. ब्रुनो मान एका बाजूला कलती ठेवतो का? चालताना भेलकांडतो का? तसं असेल तर पत्र पुढे वाचू नकोस, आधी त्याला दवाखान्यात ने.

बी.एस्सी. झालेल्या मुलीने शेजारणीचं ऐकावं, याला काय म्हणावं? स्पिरिट, पेरॉक्साइड, टी ट्री तेल, सगळं कपाटात राहू दे. इअर बडने मळ निघत नाही, आणखी आत ढकलला जातो. दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन तर चुकूनही नको. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना ते बाधतं.

गावच्या मोत्याची गोष्ट तुझ्या आईला ठाऊक आहे. त्याच्याही कानात असंच काहीबाही ओतत असत. पुढे पुढे हाक मारली तरी तो वळत नसे. मामा तेव्हा कॉलेजात होता, सुट्टीत घरीच असे. डॉक्टरकडे नेऊया, एवढं मोठ्यांना म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. ते अजून सलतं.

असो. तू माया केलीस, दुर्लक्ष नाही, हे मामाला कळतं. ब्रुनो पंजेही चाटत असेल, तिथले केस तांबूस झाले असतील, तर डॉक्टरांना जरूर सांग. अनेकदा मूळ ॲलर्जीत असतं, म्हणून कान बरा होऊन पुन्हा चिघळतो. औषध सुरू झालं की दोन दिवसांत खाज थांबली म्हणून सोडू नकोस. पुन्हा तपासून ते म्हणतील तेव्हाच थांबव.

पैशांचं आईकडे बोलू नकोस, ती उगाच घोर लावून घेईल. रविवारी मामा येतोच आहे. ब्रुनोला धरायला दोघं लागतील. मामीने तुझ्यासाठी ओल्या नारळाच्या करंज्या करायला घेतल्यात, एखादी त्यालाही दे म्हणालीस तरी मिळणार नाही.

तुझा,
मामा