ब्रे गावची केटी

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डब्लिन शहराच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरांवर ब्रे नावाचे गाव आहे. तेथील बंदरापाशी नावा ठेवण्याची एक जुनी कोठी होती. तिलाच मुष्टियुद्धाच्या आखाड्याचे रूप देण्यात आले होते. आत स्नानगृह नव्हते की शौचालय नव्हते. पण पीटर टेलर यांच्यासारखा जाणता शिक्षक तेथे होता. पीटर हे विजेच्या कामाचे कारागीर. १९८६ साली त्यांनी आपल्या वजनगटात आयर्लंडचे अजिंक्यपद मिळविले होते. त्याच वर्षी, २ जुलै रोजी, त्यांच्या धाकट्या कन्येचा, केटीचा जन्म झाला.

केटी तुमच्याएवढी, म्हणजे अकरा-बारा वर्षांची असताना, वडिलांच्या आखाड्यात उतरली. तिचा हात चपळ होता, पाय त्याहूनही चपळ होते. अडचण एकच होती. त्या काळी आयर्लंडमध्ये मुलींचे मुष्टियुद्धाचे अधिकृत सामने होत नसत. सराव कितीही करावा, पण लढायचे कोणाशी? मग पत्रिकेवर तिचे नाव नुसते ‘के. टेलर’ असे लिहिले जाऊ लागले. लांब केस शिरस्त्राणाखाली दडवून ती मुलांशी लढे. सामना संपल्यावर शिरस्त्राण निघे, केस खांद्यावर येत, आणि आपला गडी एका मुलीकडून हरला हे कळून प्रेक्षकांत एकच गलका उडे. मुलगी म्हणून लढता येत नसल्यामुळे मुलगी असल्याचे लपवावे लागत होते. यात लाज वाटायची असेल तर ती नियम करणाऱ्यांनाच वाटावयास हवी होती.

अखेर नियम बदलला. ३१ ऑक्टोबर २००१ रोजी डब्लिनच्या राष्ट्रीय क्रीडागृहात आयर्लंडमधील स्त्रियांचा पहिला अधिकृत मुष्टियुद्धाचा सामना झाला आणि पंधरा वर्षांच्या केटीने तो जिंकला. पुढे काही वर्षे ती देशाच्या फुटबॉल संघातूनही खेळली. परंतु तिचे मन मुष्टियुद्धातच रमले.

आपल्या देशाशीही तिच्या कीर्तीचा एक धागा जुळलेला आहे. २००६ साली स्त्रियांची जागतिक स्पर्धा नवी दिल्ली येथे भरली. तेथे साठ किलो वजनगटात केटीने आपले पहिले जागतिक सुवर्णपदक मिळविले. मणिपूरच्या मेरी कोम हिनेही त्याच स्पर्धेत आपल्या गटाचे सुवर्णपदक पटकाविले होते. त्यानंतर २००८, २०१०, २०१२ आणि २०१४ अशा लागोपाठ चार जागतिक स्पर्धा केटीने जिंकल्या.

तरीही ऑलिंपिकचे द्वार बंदच होते. १९०४ पासून ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध होत आले, पण पुरुषांचेच. स्त्रियांचे मुष्टियुद्ध कसे असते हे ऑलिंपिकच्या अधिकाऱ्यांना दाखविण्यासाठी प्रात्यक्षिक लढती योजण्यात आल्या, आणि त्यांत केटीला पुढे करण्यात आले. ज्यांच्या मनात शंका होती, त्यांच्यासमोर तिने आपले कौशल्य मांडले. २००९ साली समितीने संमती दिली. पुरुषांना दहा वजनगट मिळाले होते, स्त्रियांना मात्र तीनच!

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आयर्लंडचा ध्वज केटीच्या हाती होता. ९ ऑगस्टला अंतिम सामना झाला. प्रतिस्पर्धी होती रशियाची सोफिया ओचिगावा. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या व्हावयाच्या होत्या. पहिल्या फेरीअखेर दोघींचे गुण २-२ असे समान झाले. दुसऱ्या फेरीअखेर केटी ३-४ अशी मागे पडली. ओचिगावा स्वतः पुढे येत नसे. समोरची चालून आली की मागे सरून नेमका प्रहार करी. अशा प्रतिस्पर्ध्यापुढे उतावळेपणा केला असता तर सामना हातचा गेला असता. तिसऱ्या फेरीत केटीने संधी हेरून चार गुण मिळविले आणि एकच दिला. शेवटची फेरी बरोबरीत सुटली आणि १०-८ अशा गुणांनी सुवर्णपदक आयर्लंडकडे गेले. इकडे ब्रे गावात लोक मोठ्या पडद्यासमोर दाटीवाटीने जमून तो सामना पाहत होते.

चार वर्षांनी रिओ येथे मात्र तिला पदकाविना परतावे लागले. वडील आता तिचे शिक्षक राहिले नव्हते, आणि उपान्त्यपूर्व फेरीतच ती हरली. वय तीस. पुष्कळांना वाटले, आता ही थांबेल. केटीने त्याच वर्षी, म्हणजे २०१६ च्या नोव्हेंबरात, हौशी मुष्टियुद्ध सोडून धंदेवाईक मुष्टियुद्धात पाऊल टाकले. येथे डोक्यावर शिरस्त्राण नसते, आणि अजिंक्यपदाच्या लढतीत स्त्रियांना चारऐवजी दहा फेऱ्या लढावे लागते. शिवाय अजिंक्यपद देणाऱ्या मोठ्या संस्था एक नव्हे, चार आहेत. या चारही संस्थांचे पट्टे एकाच्या कमरेला आले, म्हणजे त्या वजनगटात निर्विवाद अजिंक्यपद मिळाले असे मानतात. केटीने ते १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्क येथे बेल्जियमच्या डेल्फीन पर्सून हिला हरवून मिळविले. हा निकाल सर्वांना पटला असे नाही. विजय खरा पर्सूनचाच, असे म्हणणारे अनेक होते. तेव्हा पुढल्या वर्षी केटी तिच्याशी पुन्हा लढली आणि पुन्हा जिंकली.

३० एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सुप्रसिद्ध क्रीडागृहात रात्रीची मुख्य लढत प्रथमच स्त्रियांची झाली. केटी आणि पोर्टो रिकोची अमांडा सेरानो यांना पाहण्यास १९,१८७ प्रेक्षक लोटले. पाचव्या फेरीत केटी कोसळणार असे वाटले. पण ती सावरली, आणि तिघांपैकी दोघा पंचांनी तिच्या बाजूने कौल दिला.

एवढे सारे झाले, तरी धंदेवाईक सामना आपल्या मायभूमीत लढण्याचा योग तिला आला नव्हता. तो २० मे २०२३ रोजी डब्लिन येथे आला. केटी वरच्या वजनगटात इंग्लंडच्या शांटेल कॅमेरॉनशी लढली आणि आपल्याच माणसांसमोर हरली. धंदेवाईक जीवनातील बावीस विजयांनंतरचा हा तिचा पहिला पराभव! सहा महिन्यांनी त्याच क्रीडागृहात, त्याच कॅमेरॉनसमोर ती पुन्हा उभी राहिली. कपाळापाशी जखम होऊन रक्त वाहत असतानाही दहा फेऱ्या लढली आणि जिंकली. दोन वजनगटांतील निर्विवाद अजिंक्यपद आता तिच्या नावावर लागले.

सेरानोशी तिची गाठ पुढे आणखी दोनदा पडली. २०२४ च्या लढतीचा निकाल केटीच्या बाजूने लागला, त्यावर पुष्कळ वाद झाला. ११ जुलै २०२५ रोजी दोघी न्यूयॉर्कच्या त्याच क्रीडागृहात तिसऱ्यांदा समोरासमोर आल्या. केटी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. यावेळी ती अंगावर चालून गेली नाही. अंतर राखून, पाय चालते ठेवून लढली आणि जिंकली. त्या रात्रीच्या पत्रिकेवरील सर्वच लढती स्त्रियांच्या होत्या.