तळ्यातला बंगला

आपले जयसिंगपूर राजर्षी शाहू महाराजांनी वसवले. राधानगरीचे धरणही त्यांनीच बांधायला घेतले. भोगावती नदी अडवली. मोठे तळे झाले. त्याचे नाव लक्ष्मी तलाव.

या तळ्यात संस्थानी काळचा एक बंगला आहे. त्याला बेनझीर व्हिला म्हणतात. तो विसाव्यासाठी बांधलेला. आता पडका झाला आहे. पाणी चढले की बंगल्याला वेढा पडतो. उन्हाळ्यात पाणी उतरते, तेव्हा तो उघडा पडतो.

उतरलेले पाणी जाते कुठे? भोगावतीतून पंचगंगेत. पंचगंगा आपल्या शिरोळ तालुक्यात येते. वाटेत ऊस पिकवते, घागरी भरते.

म्हणून तळे पाहायला गेलो, तर दोन गोष्टी पाळू. खोल पाण्यात उतरायचे नाही. उष्टे-खरकटे पाण्यात टाकायचे नाही. तिथले पाणी शेवटी आपल्याच दारी येते.