रेसिड्यू : एका इंग्रजी शब्दाची कृती

साहित्य : दोनशे पानी वही, पेन्सिल, एक चांगला शब्दकोश आणि तो शब्द रोज तोंडी असलेलं एक माणूस. वेळ : पहिल्या दिवशी अर्धा तास, पुढे पाच-पाच मिनिटं.

नाशिक जिल्ह्यात इंग्रजी शिकवताना मी नव्या मुलांना सगळ्यात आधी रेसिड्यू हा शब्द देतो. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांनी तो घरी ऐकलेलाच असतो. निर्यातीच्या द्राक्षबागेतले घड तपासणीला गेले की घरात एकच प्रश्न असतो, ‘रेसिड्यूचा रिपोर्ट आला का?’ मात्र अर्थ विचारला की बहुतेक मुलं सांगतात, ‘विष’. ती अर्थाच्या जवळ असतात, पण अर्थावर नसतात. ‘विष’पासून नेमक्या अर्थापर्यंत कसं यायचं, ते सांगतो.

आधी वाक्य पकडा. वहीच्या डाव्या पानावर शब्द सुटा लिहू नका. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, कुणाच्या तोंडून आणि कुठे ऐकलं तेही लिहा. बापू फोनवर म्हणाले, औषधाच्या दुकानात ऐकलं, डब्यावरच्या चिठ्ठीत वाचलं, काहीही चालेल. सुटा शब्द दोन दिवसांत विसरतो, माणसासकट लिहिलेला टिकतो.

मग कोश न उघडता उजव्या पानावर अर्थाचा अंदाज लिहा. ‘विष’ लिहिलंत तर नंतर ते खोडू नका. चुकलेला अंदाज शेजारी असला की खरा अर्थ कुठे वेगळा आहे ते दिसतं.

आता कोश. इंग्रजी-इंग्रजी-मराठी असेल तर उत्तम. घरी नसेल तर १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाची, म्हणजे सावानाची वाट धरा. आधी उच्चार बघा. ब्रिटिश उच्चार ‘रेझिड्यू’ असा, जोर पहिल्या अक्षरावर, आणि स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’ मुका. बागेत सगळे ‘रेसिड्यू’ म्हणतात, तिथे तसंच म्हणा. इंग्रजीत बोलताना ‘झ’ आणा. मग इंग्रजी व्याख्या वाचा : मुख्य भाग काढून घेतल्यावर, वापरल्यावर किंवा उडून गेल्यावर मागे उरतं ते. यात विष कुठेच नाही. रेसिड्यू विषारी असू शकतो, निरुपद्रवीही असू शकतो. शब्द फक्त उरण्याबद्दल बोलतो.

यापुढची पायरी मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळू. या शब्दाचं मूळ लॅटिन : ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘सेदेरे’ म्हणजे बसणे. मागे बसून राहिलेलं ते रेसिड्यू. मराठी वेगळं काय म्हणते? गाळ तळाशी बसतो, धूळ काचेवर बसते. लॅटिनमधल्या त्या ‘सेद’चा आणि संस्कृतातल्या ‘सद्’ धातूचा उगम एकच. सदन, परिषद, उपनिषद हे सगळे बसण्याचेच शब्द. इंग्रजीतले रेसिडेंट, प्रेसिडेंट, सेडिमेंट याच घरातले. वहीत मधोमध ‘बसणे’ लिहा आणि भोवती हे शब्द मांडा. एका शब्दाच्या कष्टात चार हाती लागतात.

यानंतर मराठी जोड्या शोधा, आणि एकाच प्रतिशब्दावर थांबू नका. तूप कढवल्यावर बेरी उरते, चहा गाळल्यावर चोथा, ऊस पिळल्यावर चिपाड, तेल काढल्यावर पेंड, द्रव स्थिरावल्यावर साका, लाकूड जळल्यावर राख. इंग्रजी या सगळ्यांना गरजेप्रमाणे रेसिड्यू म्हणू शकते. आपण प्रत्येकाला वेगळं नाव दिलं आहे. फवारणीच्या संदर्भात ‘उर्वरित अंश’ हा शब्द चालतो. शक्य असेल तर उलटा प्रवासही करा : मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) चोथा आणि साका काढा, त्याने इंग्रजीत काय दिलंय ते बघा.

आता शब्दाची सोबत तपासा, कारण बहुतेक चुका इथे होतात. पेस्टिसाइड रेसिड्यू, क्रॉप रेसिड्यू, स्टिकी रेसिड्यू या जोड्या नेहमीच्या. क्रियापद बहुधा ‘लीव्ह’ : ‘द स्प्रे लेफ्ट अ व्हाइट रेसिड्यू ऑन द लीव्ह्ज.’ एका मुलाने लिहिलं होतं, ‘आय एट द रेसिड्यू ऑफ माय लंच.’ व्याकरण निर्दोष, पण असं कुणी म्हणत नाही. डब्यात उरलेल्या जेवणाला ‘लेफ्टओव्हर्स’, खात्यात उरलेल्या पैशांना ‘बॅलन्स’, भागाकारातल्या बाकीला ‘रिमेंडर’. मृत्युपत्रात मात्र कर्ज आणि वाटे दिल्यावर उरलेल्या मालमत्तेला रेसिड्यू म्हणतात. ‘रेसिड्यू-फ्री’मधलं ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, विरहित, ‘ड्यूटी-फ्री’मधलं तेच.

मग ज्याच्या तोंडी हा शब्द रोज असतो, त्या माणसाकडे जा. जुन्या बागायतदाराला २०१० विचारा. त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला, माल अडला आणि उत्पादकांचं मोठं नुकसान झालं. वेलीची वाढ आवरायला वापरलं जाणारं हे संजीवक, आपल्याकडे ‘लिहोसीन’ म्हणून माहीत असलेलं. ते वेलीच्या आत भिनतं, घड धुऊन निघत नाही. म्हणजे रेसिड्यू नुसता वरचा डाग नाही, आत मुरलेलाही असतो. अर्थाची ही कड कोशात नीट कळत नाही. प्रमाणही समजून घ्या : ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. ‘बिलो द लिमिट’ या तीन शब्दांसाठी घरातली माणसं श्वास का रोखून धरतात, ते या हिशेबाने कळतं.

आता स्वतःची तीन वाक्यं लिहा : एक घरातलं, एक शेतातलं किंवा रस्त्यावरचं, एक नकारार्थी. तिन्ही खरी असू द्या. ‘देअर वॉज नो रेसिड्यू इन अवर ग्रेप्स धिस इयर’ हे वाक्य ज्या मुलीने लिहिलं, तिला ते पुन्हा पाठ करावं लागलं नाही. मोठ्याने वाचा आणि कुणाला तरी तपासायला द्या.

उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने. उजवं पान झाकून नुसत्या वाक्यावरून अर्थ सांगायचा. त्यानंतरची खूण बागच देते : एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. छाटणीला ते पान एकदा उघडा.

पुढचं पान ‘इंटरव्हल’साठी मोकळं ठेवा. सिनेमातला तो माहीत आहेच. औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये सोडायच्या दिवसांनाही तोच शब्द असतो. आधी अंदाज लिहा.