थायरॉइडचा अहवाल कसा वाचावा?

रक्ताची तपासणी झाली की घरात एक कागद येतो. त्यावर मुख्यतः तीन ओळी असतात : टी-३, टी-४ आणि टी.एस.एच. प्रत्येक ओळीत एक आकडा, त्याचे एकक आणि शेवटी नेहमीची मर्यादा. एखादा आकडा ठळक छापलेला दिसला की मंडळी धास्तावतात. सगळे आकडे मर्यादेत असले की कागद कपाटात जातो आणि कधी कधी चालू असलेली गोळीही बंद होते. धास्तावणे अनाठायी असू शकते. गोळी आपल्या मनाने बंद करणे मात्र धोक्याचे आहे. असे का, हे समजून घ्यायला वैद्यकाची पदवी लागत नाही. शाळेतले विज्ञान आणि थोडे गणित पुरते.

ग्रंथी आणि मिस्त्री

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची, सुमारे २० ग्रॅम वजनाची थायरॉइड ग्रंथी असते. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. अन्नातून, विशेषतः आयोडीनयुक्त मिठातून, मिळालेले आयोडीन वापरून ती दोन संप्रेरके तयार करते. टी-४ च्या रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात, टी-३ च्या रेणूत ३. ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते. शरीरातील इतर भागांत त्यातला एक आयोडीन अणू निघाला की टी-३ तयार होते आणि तेच पेशींमध्ये खरे काम करते. हृदयाची गती, शरीराची उष्णता, मुलांची वाढ आणि गर्भाच्या मेंदूची जडणघडण ही सारी कामे या संप्रेरकांवर अवलंबून असतात.

टी.एस.एच. मात्र अवटू ग्रंथीचे नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येते आणि अवटू ग्रंथीला ‘काम कर’ असा निरोप देते.

घराचा स्लॅब टाकताना तुम्ही पाहिले असेल. मिस्त्री वर उभा असतो, खालून मजूर घमेली वर देत असतात. घमेली कमी येऊ लागली की मिस्त्री ‘माल आणा!’ म्हणून जोरात ओरडतो. फारच येऊ लागली तर तो गप्प बसतो. येथे घमेली म्हणजे टी-४ आणि मिस्त्रीच्या आवाजाची पट्टी म्हणजे टी.एस.एच. आता अहवालातील जोड्या आपोआप उलगडतात :

१) आवाज मोठा, घमेली कमी : टी.एस.एच. जास्त, टी-४ कमी. ग्रंथी मंदावली आहे.
२) आवाज बंद, घमेल्यांचा ढीग : टी.एस.एच. फार कमी, टी-४ किंवा टी-३ जास्त. ग्रंथी गरजेपेक्षा अधिक काम करीत आहे.
३) आवाज थोडा चढलेला, घमेली पुरेशी : टी.एस.एच. किंचित जास्त, टी-४ मर्यादेत. ग्रंथी थकू लागली असेल, किंवा हा तात्पुरता चढउतारही असेल.
४) घमेली कमी, तरीही आवाज नाही : मिस्त्रीचाच घसा बसला आहे. म्हणजे दोष पीयूषिका ग्रंथीत असण्याचा संभव आहे. हा प्रकार विरळा, पण केवळ टी.एस.एच. पाहून तो सुटून जाऊ शकतो.

म्हणून पहिला नियम असा की एकटा आकडा वाचू नये, जोडी वाचावी.

आवाजाची पट्टी सरळ नसते

टी-४ निम्मे झाले तर टी.एस.एच. दुप्पट होईल, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात ते ढोबळ मानाने शंभरपटीपर्यंत जाते. म्हणूनच ग्रंथीतील थोडासा बिघाडही टी.एस.एच. मध्ये आधी उमटतो आणि बहुधा तीच तपासणी प्रथम करतात. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. टी.एस.एच. ४ वरून ८ झाले म्हणजे आजार दुप्पट झाला असे नव्हे. ज्यांनी लॉगरिथम शिकले आहे त्यांना हे पटकन कळेल : या मापात २ ते ४ आणि ४ ते ८ ही पावले सारखीच लांब असतात.

इतके थोडे मोजतात कसे?

रक्तातील बहुतेक टी-४ प्रथिनांना चिकटून फिरते. दर १०,००० रेणूंपैकी जेमतेम दोन-तीन मोकळे असतात आणि तेच पेशींच्या उपयोगी पडतात. अहवालात ‘फ्री टी-४’ म्हणतात ते हेच. गरोदरपणात ही प्रथिने वाढतात. त्यामुळे एकूण टी-४ वाढलेले दिसते, पण मोकळे टी-४ त्या प्रमाणात वाढलेले नसते.

मोकळ्या टी-४ चे प्रमाण एका लिटरमध्ये सुमारे १२ नॅनोग्रॅम. म्हणजे १० लाख लिटरच्या टाकीत १२ मिलिग्रॅम! इतक्या अल्प राशी मोजण्याचा मार्ग एका पदार्थवैज्ञानिक बाईंनी खुला केला. अमेरिकेतील रोझलिन यालो आणि डॉ. सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकात किरणोत्सर्गी खूण लावलेले रेणू आणि प्रतिपिंडे वापरून रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत शोधली. तीच पुढे इतर संप्रेरकांना लागू पडली. १९७७ साली यालो यांना त्यासाठी वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते. आज किरणोत्सर्गाऐवजी बहुधा प्रकाश देणारी खूण वापरतात, पण मूळ कल्पना तीच.

या पद्धतीलाही फसवता येते. केसांसाठी किंवा नखांसाठी घेतात त्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या काही यंत्रांच्या रसायनात ढवळाढवळ करतात. टी.एस.एच. खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसू शकते. म्हणून अशी गोळी चालू असल्यास तपासणीपूर्वीच डॉक्टरांना सांगावे.

मर्यादा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे

प्रौढांसाठी टी.एस.एच. ची मर्यादा बहुधा ०.४ ते ४ च्या आसपास छापलेली असते. ती ठरवतात कशी? निरोगी माणसे निवडायची, त्यांची मोजमापे ओळीने लावायची आणि मधली ९५ टक्के घ्यायची. म्हणजे व्याख्येनेच १०० निरोगी माणसांपैकी ५ जण मर्यादेबाहेर पडणार! आणि समजा, एखाद्या निरोगी माणसाच्या एकमेकींवर अवलंबून नसलेल्या २० वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर सर्व निकाल मर्यादेत येण्याची संभाव्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. उरलेल्या ६४ टक्के निरोगी लोकांच्या कागदावर निदान एक आकडा ठळक छापला जाईल.

शिवाय टी.एस.एच. रात्री व पहाटे जास्त आणि दुपारी कमी असते. म्हातारपणी ते थोडे वर सरकते, गरोदरपणात मर्यादा निराळी असते आणि मोठ्या आजारपणात सगळेच आकडे हलतात. यंत्र बदलले की निकालही थोडा बदलतो. म्हणून एकाच प्रयोगशाळेत, शक्यतो एकाच वेळी तपासणी करावी. ५ किंवा ६ असा किंचित चढलेला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासला तर अनेकदा आपोआप खाली आलेला आढळतो.

गोळी आणि अर्धायुकाल

ग्रंथी मंदावली की लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात. तिचा रेणू म्हणजे टी-४ चाच रेणू. आपल्या भाषेत, खालचे मजूर थकले म्हणून बाहेरून मजूर आणले. घमेली पुरेशी येऊ लागली, मिस्त्री शांत झाला, टी.एस.एच. मर्यादेत आले. आता कोणी म्हणाले, ‘आवाज थांबला, बाहेरच्या मजुरांना घरी पाठवा,’ तर काय होईल? ‘रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद’ असे म्हणणे नेमके तसेच आहे. आकडा नॉर्मल आहे तो गोळीमुळे.

मग मात्रा बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायला का सांगतात? याचे उत्तर किरणोत्सर्गाच्या धड्यात आहे. टी-४ चा रक्तातील अर्धायुकाल सुमारे ७ दिवस आहे. मात्रा बदलली की जुनी पातळी आणि नवी पातळी यांतील फरक एका आठवड्याने निम्मा उरतो, दोन आठवड्यांनी पाव, तीन आठवड्यांनी १/८ आणि सहा आठवड्यांनी १/६४. त्याआधी मोजणे म्हणजे पाणी हलत असताना टाकीची पातळी वाचणे. टी.एस.एच. तर त्याहूनही सावकाश स्थिरावते.

हेच गणित दिलासाही देते. एका दिवशी गोळी चुकली तर पातळी साधारण एक-दशांशच घटते. घाबरण्याचे कारण नाही. पण महिनाभर चुकवणे निराळे.

गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिचे शोषण अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. गरजेपेक्षा जास्त झाल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, उतारवयात हाडे ठिसूळ होऊ शकतात. तेव्हा ‘थोडी जास्त घेतली तर लवकर बरे वाटेल’ हा विचारही सोडून द्यावा.

डॉक्टरांशी बोलताना

कागदावर वय, वजन, हृदयविकार, गरोदरपण, इतर औषधे यांतले फारसे काही नसते. ते डॉक्टरांना आपण सांगायचे असते. घरातील कोणाबरोबर दवाखान्यात जाणार असाल तर जुने सर्व अहवाल तारखेप्रमाणे लावून न्या. थकवा, थंडी सहन न होणे, वजनातील बदल, धडधड अशा तक्रारी कधीपासून आहेत ते लिहून न्या. आणि हे प्रश्न मोकळेपणाने विचारा :

– टी.एस.एच. बरोबर मोकळे टी-४ तपासले आहे का?
– आकडा थोडाच चढलेला असेल तर उपचारापूर्वी पुन्हा तपासायचे का?
– यामागचे कारण काय? प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी पडेल का?
– गोळी काही काळ की कायम? पुढची तपासणी केव्हा?

टी.एस.एच. १० च्या वर टिकून राहिले तर डॉक्टर बहुधा उपचाराकडे झुकतात. ४ ते १० च्या दरम्यान निर्णय माणसागणिक बदलतो. तेथेच या प्रश्नांचा खरा उपयोग आहे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत मात्र वाट पाहू नये. पहिल्या काही महिन्यांत गर्भ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतो. म्हणून ताबडतोब डॉक्टरांना गाठावे.

सोडवून पाहा

१) टी-४ चा रेणुभार ७७७ आहे. एका प्रयोगशाळेत मोकळे टी-४ १.२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले, दुसरीत १५.४ पिकोमोल प्रति लिटर. आजार वाढला का?
२) ज्याची ग्रंथी मुळीच काम करीत नाही अशा माणसाने गोळी २८ दिवस बंद ठेवली. टी-४ किती उरेल?
३) एकाने दोन महिने गोळ्यांची हयगय केली आणि तपासणीपूर्वी फक्त शेवटचे काही दिवस त्या नियमाने घेतल्या. मोकळे टी-४ मर्यादेत, पण टी.एस.एच. १५ आले. कसे?

उत्तरे : १) नाही. १.२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे १२ नॅनोग्रॅम प्रति लिटर; १२ ला ७७७ ने भागल्यास ०.०१५४ नॅनोमोल, म्हणजेच १५.४ पिकोमोल. केवळ एकक बदलले. २) चार अर्धायुकाल, म्हणून १/१६. ३) घमेली येऊ लागली आहेत, पण मिस्त्रीचा आवाज अजून खाली आलेला नाही. ही हकिगत डॉक्टरांना खरी सांगितली नाही, तर मात्रा विनाकारण वाढवली जाईल.