'रन' म्हणजे फक्त धावणे नव्हे!

फर्स्ट इयरला असतानाची गोष्ट आहे. सी प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये सरांनी शेवटची असाइनमेंट दिली आणि जाता जाता म्हणाले, "रन इट बाय मी बिफोर यू सबमिट."

माझी रूम पार्टनर दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. तिने सरळ अर्थ लावला. 'बाय मी' म्हणजे माझ्याजवळ आणि 'रन' म्हणजे प्रोग्रॅम रन करणे. म्हणजे प्रोग्रॅम सरांच्या समोरच रन करायचा, आधी करायचा नाही! बिचारीने रात्र जागून कोड लिहिला, दहा वेळा डोळ्यांनी तपासला, पण एकदाही रन केला नाही. सबमिशनच्या दिवशी सरांना बोलावलं, प्रोग्रॅम सुरू केला, आणि तो गेला इनफिनाइट लूपमध्ये. सर म्हणाले, "एकदाही चालवून बघितला नाहीस?" ती म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणालात ना, माझ्याजवळ रन कर."

अख्खी बॅच हसली. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल, तर मी. कॉन्व्हेंटची ना!

टर्मवर्कचे मार्क गेले ते गेलेच, पण त्या रात्री ती मेसला जेवायलाही आली नाही. लाइट बंद केल्यावर अंधारातून तिचा आवाज आला, "रनचे अर्थ तरी किती असतात गं?" मी ऐटीत म्हटलं, "धावणे, आणि अजून चार-पाच असतील." मग मनात मोजायला लागले. पंधरापर्यंत गेले आणि झोप उडाली. हा लेख म्हणजे त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. थोडं उशिरा आलेलं.

सहाशे पंचेचाळीस!

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची पहिली आवृत्ती १८८४ पासून भागाभागाने निघत १९२८ मध्ये पूर्ण झाली. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली. त्या काळात सर्वांत लांबलचक नोंदीचा मान 'सेट' या शब्दाकडे होता. पण पुढच्या आवृत्तीचं काम चालू असताना २०११ मध्ये बातमी आली की 'रन' पुढे गेला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांना या एका शब्दावर नऊ महिन्यांहून जास्त काळ काम करावं लागलं. आपलं एक सेमिस्टरसुद्धा एवढं चालत नाही.

आता ६४५ अर्थ पाठ करायचे का? मुळीच नाही. एक किल्ली लक्षात ठेवायची. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ जसा धावणे होता, तसाच वाहणे हाही होता. न थांबता पुढे जात राहणे हा त्याचा गाभा. पाय धावतात, नदी वाहते, इंजिन चालू राहतं, दुकान चालतं, नाटकाचे प्रयोग चालू राहतात, नाक गळतं. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द, 'रन'. म्हणून 'माय नोज इज रनिंग' ऐकलं की नाक पळत सुटल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणू नका, नळ आणा.

आपल्याच लॅबमधले 'रन'

गंमत म्हणजे आपल्या प्रत्येक ब्रँचने हा शब्द आपापल्या कामाला जुंपलाय.

सिव्हिलवाल्यांचा 'रन-ऑफ' म्हणजे पावसाचं जे पाणी जमिनीत न मुरता वरून वाहून जातं ते.

मेकॅनिकलकडे तर 'रन'चं कुटुंबच आहे. पेल्टन किंवा फ्रान्सिस टर्बाइनमधलं पाण्याच्या जोरावर फिरणारं चाक म्हणजे 'रनर'. फाउंड्रीत वितळलेला धातू स्प्रूमधून उतरून ज्या वाटेने गेटकडे जातो, तीही 'रनर'. शाफ्टला डायल गेज लावून तो हळूहळू फिरवला आणि काटा इकडेतिकडे हलला, तर तो 'रन-आउट'. नवीन इंजिन सुरुवातीला जास्त ताण न देता चालवून सरावाचं करणं म्हणजे 'रनिंग-इन'.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये 'थर्मल रनअवे'. ट्रान्झिस्टर तापतो, म्हणून करंट वाढतो, करंट वाढला म्हणून आणखी तापतो, आणि असं करत शेवटी जळून जातो. सबमिशनच्या आठवड्यात आपलं टेन्शन असंच वाढतं.

कॉम्प्युटरवाल्यांना 'रनटाइम एरर' कोणी समजावून सांगायला नको.

आता एक महत्त्वाची जोडी. 'ड्राय रन' म्हणजे प्रोग्रॅम मशीनवर न चालवता कागदावर एकेका ओळीने व्हेरिएबलच्या किमती लिहीत तपासणं, किंवा एखाद्या कार्यक्रमाची रंगीत तालीम. ही चांगली सवय. पण फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये 'डोन्ट रन द पंप ड्राय' म्हटलं, तर अर्थ असा की पंप पाण्याशिवाय चालवू नका, सील जळेल. शब्द तेच दोन. एका लॅबमध्ये शाबासकी, दुसऱ्या लॅबमध्ये दंड!

शेपूट बदललं की प्राणी बदलतो

'रन'च्या मागे छोटासा शब्द लागला की अर्थ एकदम दुसरीकडे जातो. रोज उपयोगी पडतील असे काही:

'रन आउट ऑफ' म्हणजे संपणे. 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर' म्हणजे साखर संपली. क्रिकेटमधला रन आउट वेगळा. तिथे खेळाडू जातो, मेसमध्ये साखर जाते.

'रन इन्टू' म्हणजे अचानक भेटणे किंवा आदळणे. सर कॉरिडॉरमध्ये भेटले की भिंत आडवी आली, हे संदर्भावरून ओळखायचं.

'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणे. पण 'रन ओव्हर द रीडिंग्ज' म्हणजे रीडिंग्जवरून पुन्हा नजर फिरवणे.

'रन डाउन' म्हणजे बॅटरी उतरणे, आणि एखाद्याला नावं ठेवणे हेसुद्धा.

'रन अप' बिलाच्या बाबतीत. कँटीनची उधारी वाढवून ठेवणे.

'रन समथिंग बाय समवन' म्हणजे एखादी गोष्ट कुणाला दाखवून किंवा सांगून त्याचं मत घेणे. आमच्या सरांना एवढंच म्हणायचं होतं: सबमिट करण्याआधी एकदा मला दाखव.

वाक्प्रचारांची वंशावळ

'रन ऑफ द मिल' म्हणजे साधारण, विशेष काही नसलेलं. गिरणीतून निघालेला, प्रतवारी न केलेला माल हा त्याचा मूळ अर्थ. 'रन आउट ऑफ स्टीम' म्हणजे दम संपणे. वाफेच्या इंजिनाची वाफ संपली की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. 'रन अमॉक' म्हणजे बेभान होऊन धुमाकूळ घालणे, यातला 'अमॉक' मलय भाषेतून आलाय. 'रन द गाँटलेट' म्हणजे चहूबाजूंनी मारा सोसत जाणे. सैन्यात गुन्हेगाराला शिपायांच्या दोन रांगांमधून पळवायचे आणि दोन्हीकडून फटके द्यायचे. त्या शिक्षेचा मूळ शब्द स्वीडिश. इंग्रजांनी तो उच्चारसाम्यामुळे हातमोज्याच्या शब्दात मिसळून टाकला. आपण एकटेच चुकीचं ऐकतो असं नाही!

आणि निवडणूक. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतो. आपल्याकडेही तो उभाच राहतो. धावपळ कार्यकर्त्यांची.

एक व्याकरणाची सूचना: रन, रॅन, रन. तिसरं रूप परत पहिल्यासारखंच. म्हणून 'आय हॅव रॅन' चूक, 'आय हॅव रन' बरोबर. ही चूक कॉन्व्हेंटवालेही करतात.

आता माझी पाळी

एवढं लिहून मी थांबले असते, तर लेख अर्धाच राहिला असता.

सेकंड इयरला आमची इंडस्ट्रियल व्हिजिट होती. बसमध्ये चढताना रूम पार्टनर म्हणाली, "मला खिडकी दे गं, मला बस लागते." मी म्हटलं, "मला पण लागते. एवढ्या लांब पायी कोण जाणार?" मला वाटलं, 'मला चहा लागतो' तसं 'मला बस लागते'. ती माझ्याकडे बघत राहिली, काही बोलली नाही. खिडकीत मी बसले. घाट सुरू झाला आणि पुढचं मी सांगत नाही. माझी ओढणी कामाला आली एवढंच सांगते.

परतताना तिने मला 'लागणे' शिकवलं. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, नाद लागतो, वाट लागते. स्टँडवर बस लागते आणि बसमध्ये बसल्यावरही बस लागते! माझ्या मातृभाषेतलं हे साधं क्रियापद मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी नीट कळलं.

मग आम्ही 'चालणे' घेतलं. इंग्रजांचं मशीन धावतं, आपलं चालतं. दुकान चालतं, केस चालते, नाणं चालतं, डोकं चालत नाही, माणूस चालू असतो, आणि सगळ्यावर कडी म्हणजे 'चालेल!' याचं इंग्रजीत 'इट विल वॉक' केलं, तर समोरचा इंग्रज हसेलच. तो हसला म्हणून आपण मूर्ख ठरतो का? नाही ना? मग त्या दिवशी लॅबमध्ये ती कशी ठरली?

तिने शब्दकोशातला पहिला अर्थ प्रामाणिकपणे लावला होता. बसमध्ये मीही तेच केलं. फरक एवढाच की माझ्या चुकीला ती हसली नाही, आणि तिचे मार्क गेले तेव्हा मी हसले. हे मला तिला तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आपल्या हॉस्टेलमध्ये दर वर्षी मराठी माध्यमातून आलेली मुलं-मुली वर्गात शंका विचारायला घाबरतात. कारण शंका विषयाची नसते, शब्दाची असते. त्यांना एकच सांगणं: शब्द अडला तर लगेच विचारा. ६४५ अर्थ कुणालाच येत नाहीत. आणि आपल्यासारख्या इंग्रजी माध्यमवाल्यांना सांगणं: विचारलं की सांगा, हसू नका. सरांना विनंती एवढीच की असाइनमेंटची सूचना एकदा साध्या शब्दांत फळ्यावर लिहावी.

जाता जाता होमवर्क. 'काढणे' या क्रियापदाचे निदान वीस अर्थ लिहा. सुरुवात करून देते: फोटो काढणे, दिवस काढणे, कुणाची खोडी काढणे. पुढचे तुम्ही.

आणि हो, हा लेख मासिकाला देण्याआधी मी रूम पार्टनरला दाखवला. तिने शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या. म्हणजे, आय रॅन इट बाय हर.