जुन्या पीसीवर डेबियन सर्व्हर, डेस्कटॉपशिवाय

फाइली साठवणे, बॅकअप घेणे, छोटी वेबसाइट चालवणे या कामांना आयकॉन आणि वॉलपेपर लागत नाहीत. ते वगळले की १ जीबी रॅमचा, अडगळीत पडलेला पीसीही सर्व्हर म्हणून चालतो.

साहित्य

६४ बिटांचा पीसी (डेबियन १३ पासून ३२ बिटांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही), २ जीबीचा पेनड्राइव्ह, राउटरला जोडलेली नेटवर्क केबल. मॉनिटर आणि कीबोर्ड फक्त सुरुवातीपुरते.

कृती

१. डेबियनच्या संकेतस्थळावरून ‘नेटइन्स्ट’ आयएसओ उतरवा आणि ‘रूफस’ या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाईल.

२. पीसी सुरू होताना एफ१२, एफ२ किंवा डिलीट दाबून (कंपनीप्रमाणे की बदलते) पेनड्राइव्हवरून बूट करा. भाषा इंग्रजी, देश भारत निवडा.

३. रूटचा पासवर्ड मागितला की रकाना रिकामाच सोडा. मग तुम्ही तयार कराल त्या पहिल्या युजरला ‘सुडो’चे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार आपोआप मिळतात.

४. डिस्कसाठी ‘गाइडेड, यूज एंटायर डिस्क’ निवडा. बदल लिहू का, या प्रश्नावर ‘नो’ आधीच निवडलेले असते. डिस्कवर जपण्यासारखे काही नाही ना, हे पाहून मगच ‘येस’ करा.

५. आता सॉफ्टवेअर निवडीचा पडदा येईल. इथे घाई नको. ‘डेबियन डेस्कटॉप’ आणि ‘ग्नोम’ यांपुढे फुल्या असतात. बाणांनी तिथे जाऊन स्पेसबारने त्या काढा, दुसऱ्या संगणकावरून लॉगइन करता यावे म्हणून ‘एसएसएच सर्व्हर’पुढे फुली करा, ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ राहू द्या. एंटर अगदी शेवटी. फुली काढायला एंटर दाबलात, तर इन्स्टॉलर थेट पुढे जातो आणि डेस्कटॉप उतरवू लागतो.

६. रीस्टार्टनंतर काळ्या पडद्यावर ‘लॉगइन’ दिसेल. पासवर्ड टाइप करताना एकही अक्षर किंवा ठिपका उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करत राहा.

७. ‘आयपी ए’ ही आज्ञा द्या. १२७ ने सुरू होणारा पत्ता सोडा. बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा असतो, तो टिपून घ्या.

८. आता तुमच्या लॅपटॉपच्या टर्मिनलमधून एसएसएचने त्या पत्त्यावर लॉगइन करा. पहिल्या वेळी खात्री विचारली जाते, तिथे ‘येस’ पूर्ण टाइप करावे लागते.

९. ‘सुडो अ‍ॅप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो अ‍ॅप्ट अपग्रेड’ चालवा.

१०. ‘यूएफडब्ल्यू’ ही फायरवॉल बसवा. आधी २२ क्रमांकाचे पोर्ट खुले करा, मगच ती चालू करा. क्रम उलटला तर एसएसएचचा रस्ता बंद होतो आणि पुन्हा मॉनिटर जोडावा लागतो.

११. पीसी बंद करा, मॉनिटर-कीबोर्ड काढा, पुन्हा सुरू करून लॉगइन होते का पाहा. काही जुने पीसी कीबोर्ड नसला की बूटच होत नाहीत. तसे झाल्यास बायोसमध्ये ‘हॉल्ट ऑन’ला ‘नो एरर्स’ करा. तिथेच वीज परत आल्यावर पीसी आपोआप सुरू होण्याची सोयही बहुधा असते. लोडशेडिंगच्या गावात ती चालू ठेवाच.